मातीतला कोळसा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातील जंगलांचे जिल्हे आहेत. उन्हाळ्यात येथील गवत वाळते आणि पाचोळा साचतो. एक ठिणगी पडली, तरी वणवा पेटतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून काही लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी कधी दूरवर पसरते.

वणव्यानंतर कुरण काळे दिसते. पावसाळ्यात तेच कुरण हिरवे होते. मग तो काळा कोळसा कोठे जातो?

गवतात कार्बन असतो. गवत जळताना बहुतेक कार्बन वायुरूपाने हवेत मिसळतो. जेथे आगीला पुरेशी हवा मिळत नाही, तेथे गवत अर्धवट जळते आणि त्याचा कोळसा होतो.

मातीत पडलेले वाळके गवत सूक्ष्मजीव थोड्याच काळात कुजवतात. कोळसा मात्र त्यांना सहज कुजवता येत नाही, कारण त्यातील कार्बनचे अणू एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. म्हणून कोळशाचे काही कण मातीत शेकडो, कधी कधी हजारो वर्षे टिकतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे उत्खननात सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे जळके धान्य सापडले आहे.

सगळाच कोळसा इतका टिकत नाही. गवताचा कोळसा हलका असतो. तो वाऱ्याने उडतो, पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जातो. जमिनीवर उरलेला कोळसा पुढच्या वणव्यात पुन्हा जळू शकतो. जे कण भेगांतून खोल जातात, ते अधिक काळ राहतात.

“मग वणवा चांगलाच की!” असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. कोळशाच्या रूपाने थोडाच कार्बन मातीत राहतो. आगीत कोवळी रोपे, पक्ष्यांची घरटी आणि लहान प्राणी जळतात. उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. म्हणून वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा तयार करतो. मोहाखालचा पाचोळा झाडून घेतला, तर तो जाळावा लागत नाही. रोप जळायला एक क्षण पुरतो; त्याचे झाड व्हायला अनेक वर्षे लागतात.

शब्दार्थ
वणवा – जंगलात लागलेली आग
पाचोळा – गळलेली वाळकी पाने
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा
उत्खनन – जुने अवशेष शोधण्यासाठी केलेले खोदकाम
जाळरेषा – आग पुढे पसरू नये म्हणून गवत, पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा

स्वाध्याय
१. गवताचा कोळसा केव्हा होतो?
२. कोळसा मातीत जास्त काळ का टिकतो?
३. वणवा टाळण्यासाठी काय करता येईल? चार ओळी लिहा.