गोधडीचं माप आधी, टाका मग

पोरींनो, कान्ह्याहून सकाळची लोकल धरता, येताना फोनवर चौकोनी ठिगळांचे नमुने बघता, आणि रविवारी मशीनवर बसता. चांगलं आहे. पण नमुना एका मापाचा, घरातला पलंग दुसऱ्या मापाचा, आणि मग गोधडी कुठे तोकडी तर कुठे लोंबती. टाका हाताला सवयीनं येतो, माप डोक्यानंच घ्यावं लागतं. म्हणून मापाचं आधी सांगते.

आपल्या जुन्या गोधडीचं माप लुगड्यानंच ठरवलेलं. 9 वार म्हणजे 27 फूट. चार घड्या घाला, पावणेसात फूट लांबी झाली. पन्हा चार फुटांच्या आसपास. कात्री न लावता एका माणसाचं अंथरूण तयार, तेही चार पदरी. सहावारी साडी 18 फुटांची. तिच्या तीन घड्या घातल्या की 6 फूट. पातळ वाटलं तर आत जुनं धोतर, चादर घालायची. ठिगळं सगळ्यात वर.

आता तुमचा डबल पलंग, 6 फूट बाय साडेसहा. म्हणजे 72 इंच बाय 78. 6 इंची चौकोन घेतलेत तर आडवे 12, उभे 13, एकूण 156 लागतील. नोकरी करणाऱ्या बाईनं कधी जोडायचे? चौकोन 9 इंची करा. आडवे 8, उभे 8, असे 64 चौकोन, आणि वर-खाली 3-3 इंचांची पट्टी. जुन्या साडीचा काठ तिथे फार शोभतो.

चौकोन मोठा करताना मात्र एक गोष्ट कानात ठेवा. माया वाढत नसते. 6 इंची चौकोनाला चारी बाजूंनी पाव-पाव इंच माया धरून आपण साडेसहा इंच कापतो. दीडपट हवा म्हणून साडेसहाचीच दीडपट केली तर पावणेदहा होतात. लागतात साडेनऊ. एका चौकोनात पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आठ चौकोनांत 2 इंच वाढतात आणि गोधडी फुगते. आधी माया वजा करा, मग पट करा, मग माया परत मिळवा. लहान करतानाही हेच. बाळाच्या दुपट्यासाठी 6 चे 3 करायचे तर साडेतीन इंच कापा, सव्वातीन नव्हे.

दोन रंगांचे त्रिकोण जोडून चौकोन करायचा असेल तर हिशेब थोडा अवघड जातो, कारण तिरकी शिवणही कापड खाते. माझं ऐका, नेमकं माप शोधत बसू नका. 6 इंची चौकोन हवा तर दोन्ही रंगांचे 7 इंची चौकोन कापा, कर्णावर दुभागा, एका रंगाचा त्रिकोण दुसऱ्याला शिवा आणि मग साडेसहाला छाटा. 9 इंचीला 10 चे कापा, साडेनऊला छाटा. तिरकी कड ओढली की ताणली जाते, म्हणून तिथे इस्त्री दाबायची, घासायची नाही. मापाला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून ठेवा. पहिल्या ठिगळावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं ठेवून कापलं की शेवटचं ठिगळ हमखास मोठं निघतं.

नवं कापड आधी धुवा. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटलेलं असतं; नवं सुती नंतर आटतं आणि शेजारच्या जुन्या ठिगळाला ओढून फाडतं. पॉलिस्टरची साडी आत घालायला हरकत नाही, पण अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी. कापूस मात्र भरू नका. आपल्या मावळात पावसाळाभर भिंतीसुद्धा ओलसर असतात, तिथे कापसाच्या गाठी होतात आणि वास धरतो.

थर जमिनीवर ताठ अंथरून आधी कच्चे टाके घाला. मग कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत या, दोन ओळींत बोटाचं अंतर. दोरा हातभरच घ्या, गाठ थरात लपवा. दाभण पोत्यासाठी, गोधडीला त्यानं भोकं पडतात. सीमेपलीकडे कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकाही त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कडेकडून आत शिवत येतात, आणि कोपऱ्यांना कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली म्हणत नाहीत. आपल्याकडे एवढी हौस कमी, पण कोपरे त्यांच्यासारखेच पक्के करा. झिजायला सुरुवात तिथूनच होते.

शिवलेली गोधडी लहान करायची असेल तर थेट कात्री लावू नका, सगळे धावदोरे उसवतील. जिथे कापायचं त्या रेघेच्या आतल्या बाजूला दाट टाक्यांच्या दोन ओळी घाला, मग कापा, मग काठाची पट्टी दुमडून कड बंद करा. मोठी करायची तर कडेला तेवढ्याच थरांची पट्टी भिडवा आणि सांध्यावर दोन्ही बाजूंनी कापड लावा. थरावर थर चढवलात तर तिथे उंचवटा होतो आणि झोपताना पाठीला टोचतो.

हे सगळं होळीनंतर काढा आणि मृगाच्या आत संपवा, पुढे भातलावणी आहे आणि ऊनही नाही. आणि तेवढं एक करा: आजीची सुती लुगडी भांडीवालीला देऊन पातेलं घेऊ नका. पातेलं बाजारात केव्हाही मिळतं, तसं मऊ कापड मिळत नाही.