दहा गुंठ्यांत बियाणे पिकवायचे, तर खिशात किती हवेत?

जालन्यात 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. त्याआधी ‘पुसा सावनी’ भेंडीचे बियाणे त्यांनी आपल्याच शेतात वाढवून पाहिले होते. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि तोवर जालना बियाण्यांचे गाव झाले होते. कंपन्यांच्या पाट्या शहरात दिसतात, पण संकरित भाजीपाल्याचे बियाणे पिकते ते दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांवर, जाळीखाली. जालन्याच्या शिवारात आणि लागूनच असलेल्या बुलढाण्यातील देऊळगाव राजा पट्ट्यात गावोगावी अशा जाळ्या दिसतात.

नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, शेडनेटला किती लागतात? तो हिशेब करूच. पण त्याआधी स्वतःला विचारा, माल तयार होऊन पैसे हाती येईपर्यंतची मजुरी कशातून देणार? ज्यांचे प्लॉट मोडतात त्यांचे बहुधा इथेच मोडतात.

आधी जाळी. दहा गुंठे म्हणजे सुमारे 1012 चौरस मीटर. एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या 2014 च्या निकषांत लोखंडी पाइपच्या शेडनेटला चौरस मीटरमागे 710 रुपये खर्च धरला होता आणि त्याच्या निम्मे अनुदान होते. त्या दराने शेडनेट सुमारे 7 लाख 18 हजारांचे होते आणि अनुदान 3 लाख 59 हजारांचे. निकष नंतर सुधारले गेले आहेत, त्यामुळे चालू वर्षाचा दर आणि क्षेत्राची मर्यादा तालुका कृषी कार्यालयातूनच घ्या. अनुदान मिळते काम पूर्ण होऊन मोका तपासणी झाल्यावर. म्हणजे सगळी रक्कम आधी तुम्हालाच उभी करायची. शिवाय जाळीचे कापड कायमचे नसते. मराठवाड्यातले एप्रिल-मेचे वादळ एका दुपारी ते फाडून नेते, म्हणून कापड बदलण्याचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाकत जा.

आता मजुरी. टोमॅटोचे क्रॉसिंग जवळून पाहिले की ती का वाढते ते कळते. दुपारनंतर मादी झाडावरची, दुसऱ्या दिवशी उमलेल अशी कळी चिमट्याने उघडायची आणि आतली पुंकेसरांची पिवळी नळी स्त्रीकेसराला धक्का न लावता काढायची. नर झाडांच्या फुलांचा पराग वाळवून झाडून घ्यायचा, बोटातल्या छोट्या रिंगमध्ये भरायचा आणि पुढच्या सकाळी स्त्रीकेसराचे टोक त्यात बुडवायचे. क्रॉस झालेल्या फुलाच्या देठाजवळची हिरवी पाकळी खुडून खूण ठेवायची. खूण नसलेले फळ ‘सेल्फ’, म्हणजे स्वपरागित, समजून तोडून टाकायचे. हे एकेका फुलाला, हंगामभर, रोज. हात बायांचेच लागतात, आणि सराव असलेल्या बाईला चार प्लॉटवाले बोलावत असतात. या कौशल्याला साध्या निंदणीचा रोज देऊन चालत नाही, आणि देऊही नये.

एक मांडणी करून पाहू. आठ बाया, 50 दिवस, रोज 350 रुपये धरला, तर 1 लाख 40 हजार होतात. ठिबक, मल्चिंग, खते आणि फवारणीचे 60 हजार धरले, तर दोन लाख. दर तुमच्या गावचे घाला; आकडा बदलेल, पण मजुरीचा वाटा सर्वांत मोठा राहील. नवख्याने शक्य असेल तर काकडी, कारले, दोडका अशा वेलांपासून सुरुवात करावी. त्यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात, पुंकेसर काढावे लागत नाहीत. मादी कळी उमलण्याआधी झाकली की निम्मे काम झाले.

बी धुऊन, वाळवून करार केलेल्या कंपनीला दिल्यावरही पैसे लगेच येत नाहीत. नमुना जीओटीला जातो, म्हणजे ते बी शेतात पेरून किती रोपे खरी आणि किती भेसळीची निघतात ते मोजतात. त्यात कित्येक आठवडे जातात. निकाल ठरलेल्या टक्क्याच्या खाली आला, तर लॉट नापास. नापास बी तुम्ही बाजारात विकू शकत नाही. नर-मादी वाण कंपनीचे असतात आणि बियाणे विक्रीला 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. म्हणून करार मराठीत वाचून घ्या. किलोचा दर, शुद्धतेचा टक्का, उगवणीचा टक्का, उचल किती, दुसरा सीलबंद नमुना तुमच्याकडे राहणार का आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत, हे सारे कागदावर असू द्या. कंपनीच्या ऑर्गनायझरने बांधावर दिलेला शब्द मोलाचा असला, तरी तो कोर्टात सिद्ध करणे अवघड असते.

तेवढ्याच जाळीत दुसरा मार्ग निघतो तो भाजीपाला रोपवाटिकेचा. मला तो हाती पैसा कमी असलेल्यांसाठी अधिक बरा वाटतो.

2020-21 मध्ये सुरू झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत 1000 चौरस मीटरच्या प्रकल्पाचा खर्च 4 लाख 60 हजार धरला होता. त्यात शेडनेट 3 लाख 80 हजार, प्लास्टिक टनेल 60 हजार, फवारणी पंप 7,600 आणि क्रेट्स 12,400. अनुदान निम्मे. किमान 0.40 हेक्टर जमीन हवी आणि कृषी पदवीधर महिलांना प्राधान्य होते. योजना यंदा चालू आहे का, हे आधी विचारा.

टोमॅटोचे रोप 25 ते 30 दिवसांत, मिरचीचे 35 ते 45 दिवसांत तयार होते. शेतकऱ्याने स्वतःचे बियाणे आणून दिले, तर तुमची गुंतवणूक ट्रे, कोकोपीट आणि मजुरीपुरती राहते. गिऱ्हाईकही जवळच आहे. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईची मिरची बाजारपेठ प्रसिद्ध आहे आणि उन्हाळी मिरचीच्या लागवडीआधी तिथे रोपांची ओढ असते. लावणीची तारीख आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ट्रे भरू नका. चार दिवस उशिरा उचललेले रोप लांबते आणि मग ते कोणी घेत नाही.

मोसंबीची कलमे हा तिसरा पर्याय. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नाव आहे. पण डोळा भरून विकायला वर्षाहून अधिक लागते आणि फळरोपवाटिकेला कृषी विभागाचा परवाना हवा. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात विचारून मगच हात घाला.

आणि पाणी. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी करून द्राक्षे टिकवली. उन्हाळ्यात विहीर तळ गाठत असेल, तर जाळीच्या आधी शेततळ्याचा खर्च मांडा.

सुरुवात जालन्याजवळच्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातून करा. मग एखाद्या चालत्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या दिवसांत जाऊन थांबा, बायांना मजुरीचा दर विचारा, शेतकऱ्याला मागच्या लॉटचे पैसे कधी मिळाले ते विचारा. अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वसंमतीचे पत्र हाती येईपर्यंत एकही खांब रोवू नका, कारण आधी झालेल्या कामाला अनुदान मिळत नाही.