मटणावरचा शिक्का कोणाच्या हातात?

प्रश्न : आमच्याकडे रविवारी मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. टांगलेल्या बोकडाच्या मांडीवर कधी शिक्का दिसतो, कधी नाही. मांस तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेवर धंदेवाल्यांचा दबाव असतो का? नियम ठरवणाऱ्या समित्यांवरही कंपन्यांचीच माणसं असतात म्हणे. खरं आहे का?
– एक वाचक, देगलूर

उत्तर : समित्यांचं ऐकलंत ते एकेकाळी खरं होतं. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ यातलं कलम १३ सांगतं की शास्त्रीय समित्यांवर स्वतंत्र तज्ज्ञच हवेत. तरी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुरुवातीला खाद्य-पेय कंपन्यांचे अधिकारी त्यांवर नेमले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने त्या समित्या नव्याने नेमायला लावल्या. प्राधिकरणाच्या मुख्य मंडळावर मात्र उद्योगाच्या दोन प्रतिनिधींना कायद्यानेच जागा आहे.

पण तुमच्या रविवारच्या मटणाचा प्रश्न दिल्लीपर्यंत जातच नाही, तो गावातच अडतो. कत्तलखाना नगरपरिषदेचा, त्याची फी तिच्याच तिजोरीत आणि शिक्काही तिच्याच माणसाचा. देवनारचा कत्तलखानाही १९७१ पासून मुंबई महापालिकाच चालवते. छोट्या गावात तपासायला येणारे डॉक्टर पुष्कळदा पशुसंवर्धन खात्याचे, आणि त्या खात्याचं मूळ काम दूध, अंडी, मांसाचं उत्पादन वाढवणं. डॉक्टर कितीही सचोटीचे असोत, जनावर बाद केलं की खाटीक, ठेकेदार, नगरसेवक सगळे त्यांच्याच दारात. त्यांना असं एकटं पाडणं मला अन्यायाचं वाटतं.

खरी तपासणी वेळखाऊ असते. आधी जिवंत जनावर चालवून बघायचं, डोळे, नाक, ताप पाहायचा. कापल्यावर कलेजी चिरून तिच्यात चपट्या कृमी किंवा पाण्याचे फोड आहेत का ते बघायचं, फुप्फुसं दाबून पाहायची, गाठी कापून बघायच्या, मग शिक्का. म्हणूनच २००१ च्या केंद्रीय नियमांनी मर्यादा घातली : एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत.

पैसा आणि तपासणी एका छताखाली ठेवल्याची किंमत ब्रिटनने मोजली. तिथे शेतीव्यवसायाची भरभराट आणि अन्नाची सुरक्षितता एकाच मंत्रालयाकडे होती. १९९० मध्ये कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीपुढे बर्गर धरून गोमांस सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. १९९६ मध्ये सरकारलाच कबूल करावं लागलं की गायींच्या मेंदूरोगाचा माणसांच्या जीवघेण्या आजाराशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. २००० मध्ये वेगळी अन्न संस्था उभी राहिली. आपल्याकडे अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीला चालना देणारी केंद्र सरकारची संस्था मांसाची निर्यातही वाढवते आणि निर्यातीच्या कत्तलखान्यांची नोंदणीही करते. ही दोन कामं वेगळी व्हायला हवीत, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या हातात काय आहे? माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज नगरपरिषदेत द्या. मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी कोणत्या डॉक्टरने किती जनावरं तपासली आणि किती बाद केली, एवढंच विचारा. महिनाभर एकही बाद नसेल, तर नोंदवहीच बघायला मागा. मटणाचाच संशय असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकही फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे तपासून घेऊ शकतो. मात्र तसा इरादा मटण विकत घेतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. नमुना सदोष निघाला तर फी परत मिळते.