लहान ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी धूर पाहा

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबाग फुटीवर असताना रात्री पाऊस झाला, तर केवड्याची फवारणी पुढे ढकलता येत नाही. नेमका अशाच सकाळी ब्लोअरचा लहान ट्रॅक्टर सुरू होत नाही. मग बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला जातो आणि किरकोळ दोषापायी दिवस वाया जातो. म्हणून डिझेल इंजिनाची तपासणी क्रमानेच करावी.

किल्ली फिरवूनही इंजिन फिरत नसेल, तर दोष बहुधा विजेचा असतो. गियर न्यूट्रलमध्ये, पी.टी.ओ. बंद आणि क्लच पूर्ण दाबलेला आहे ना, हे पाहावे. अनेक लहान ट्रॅक्टरांत त्याशिवाय स्टार्टरला वीजच मिळत नाही. नंतर बॅटरी पाहावी. टर्मिनलवर पांढरट-हिरवा क्षार साचला असल्यास आधी ऋण व मग धन तार सोडवावी, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टर्मिनल धुऊन कोरडे करावे. तारा घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते.

इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही, अशा वेळी सोबत्याला सायलेन्सरकडे पाहावयास सांगावे. धूर अजिबात नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. इंजिन बंद करण्याचा नॉब ओढलेलाच राहिला आहे काय? टाकीचा कॉक उघडा आहे काय? टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजले, तरी डिझेल उतरत नाही. हे सर्व ठीक असेल, तर फिल्टरखालील वाटीतील पाणी व गाळ काढावा.

टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा शिरते आणि अनेक तक्रारी येथेच सापडतात. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने चालवावी. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली, की पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर इंजेक्शन पंपावरील स्क्रूबाबत असेच करावे. नोझलची नळी सैल करून इंजिन फिरविताना मात्र हात दूर ठेवावा; उच्च दाबाची धार कातडीत घुसते.

पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोचते, पण पेट घेत नाही. थंडीच्या सकाळी हीटर पुस्तिकेत सांगितले तितका वेळ तापवावा. काही जण हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा धरतात. हीटर तापलेला असताना त्याने स्फोट होऊ शकतो. धूर काळा असल्यास एअर क्लीनर उघडून पाहावा. धुरळ्यात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या क्लीनरमधील तेल चिखलासारखे झालेले असते.

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये; मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे.

एवढे करूनही इंजिन पेटले नाही, तर कारागीर बोलवावा. इंजेक्शन पंप बांधावर खोलू नये; त्याची जुळणी चाचणी-यंत्रावरच करावी लागते.