पाच शब्द, पण समजणारे

आजचा शास्त्रपाठ: नहेम्या ८:१-१२
सोबत वाचा: १ करिंथ १४:६-१९



पावसाळ्यात आमचा तरुण संघ पन्हाळ्याला गेला होता. धुक्यात फिरत फिरत आम्ही अंबरखान्यापाशी पोहोचलो. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तिथे धान्याच्या तीन कोठ्या आहेत. गंगा कोठीत शिरलो तर जाड दगडी भिंती, कमानी, आणि वरून धान्य ओतायला छतात ठेवलेली भोकं. आमच्यातला एक जण म्हणाला, "आत बघायला काहीच नाही की!"

बरोबर आहे. कोठी बघण्यासाठी बांधलेलीच नव्हती. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला आणि तो कित्येक महिने चालला. अशा वेळी भिंतीवरची नक्षी नाही, साठवलेलं धान्य माणसं जगवतं. कोठीचं काम एकच: धान्य सुरक्षित ठेवायचं आणि भुकेल्यापर्यंत पोहोचवायचं.

तिथे उभा असताना मला आमच्या मंडळीतला एक रविवार आठवला आणि लाज वाटली.

मी गायन-वादनाच्या टीममध्ये आहे. त्या रविवारसाठी आम्ही शनिवारी रात्री अकरापर्यंत सराव केला होता. नवीन गाणी, पडद्यावर व्हिडिओ, लाइट्स, सगळं जमून आलं. फक्त वेळ कमी पडला, म्हणून शास्त्रपाठ दोन वचनांवर आणला. उपासना संपल्यावर दारात एका आजींनी विचारलं, "बाळा, आज शास्त्रपाठ कुठला होता रे? ऐकू सगळं आलं, पण कळलं नाही काही." आम्ही चौघं तिथे होतो. एकालाही सांगता आलं नाही.

पाणीवेशीसमोरची उपासना

आता आजचा अध्याय उघडा. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. तिथे लाकडी मंच आहे, एज्रा आहे आणि नियमशास्त्राचा ग्रंथ आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं. पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजतं ते सगळे कान देऊन ऐकतात.

आठवं वचन सावकाश वाचा. लेवी नुसतं वाचून थांबत नाहीत, ते अर्थ उलगडून सांगतात. मग काय होतं? लोक रडू लागतात. पुढे त्यांना आनंद करायला सांगितलं जातं आणि ते खरोखर आनंद करतात. बाराव्या वचनात त्या आनंदाचं कारण दिलं आहे: सांगितलेलं त्यांना समजलं होतं. भावना आधी पेटवली आणि मग वचन आलं, असं झालं नाही. वचन समजलं, म्हणून हृदय हललं.

पौलही करिंथच्या मंडळीला हेच सांगतो. न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा दुसऱ्याला शिकवणारे पाच समजणारे शब्द त्याला मंडळीत जास्त मोलाचे वाटतात.

साधं म्हणजे सोपं नव्हे

आपल्या कोल्हापूर भागात रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली आले, आणि पुढे त्याच शतकात पन्हाळा-कोडोलीकडेही मिशनचं काम पोहोचलं. मराठी शास्त्र तेव्हा छापलेलं होतं. पण छापलेलं आणि समजलेलं यात फरक असतो. हा फरक पंडिता रमाबाईंना फार बोचला.

रमाबाई म्हणजे शास्त्र्याची मुलगी. त्यांच्या विद्वत्तेमुळे कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं. अवघड, भारदस्त मराठी लिहिणं त्यांना काही कठीण नव्हतं. तरी खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावं, म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करायला घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आयुष्यातली शेवटची कितीतरी वर्षं त्यात घातली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच ते छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.

म्हणजे बघा, साधेपणा हा आळस नाही. पाळकाने तयारी न करता दोन गोष्टी सांगून वेळ मारून नेणं, हा काही साधेपणा नव्हे. मूळ वचनाशी प्रामाणिक राहायचं आणि शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळेल असं सांगायचं, याला खूप कष्ट लागतात.

मग तबला, गिटार बंद करायचं का?

नाही! स्तोत्र १५० वाचा, तिथे झांजासुद्धा आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी तर भजन-कीर्तनातून ख्रिस्त गायला. कलस्सै ३:१६ प्रमाणे गीतांनीही आपण एकमेकांना शिकवतो. प्रश्न वाद्याचा नाही. गाणं संपल्यावर मनात काय उरलं, ख्रिस्ताचं वचन की आमचा परफॉर्मन्स?

आणि फक्त नव्यालाच दोष नको. "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे" हे वाक्यसुद्धा मार्क ७ पुढे ठेवून तपासायला हवं. तीच गोष्ट मोबाइलवरच्या संदेशांची. "इतकं दान द्या, दुप्पट मिळेल" असं रील आलं, तर बिरुयाकरांसारखं करा (प्रे. कृत्ये १७:११): शास्त्र उघडा, मागचा-पुढचा संदर्भ वाचा, मग स्वीकारा. पौलाचा संदेशसुद्धा त्यांनी असाच तपासला होता.

त्या रविवारनंतर आम्ही एक छोटा बदल केला. वेळ कमी पडला तर एक गाणं कमी होतं, शास्त्रपाठ नाही. आणि शनिवारी सरावाआधी सगळे मिळून तो शास्त्रपाठ मोठ्याने वाचतो.

आज विचार करा

१. गेल्या रविवारचा शास्त्रपाठ मला आठवतो का?
२. माझ्या मंडळीतल्या सेवेमुळे वचन पुढे येतं की झाकलं जातं?
३. ऐकलेली कोणती शिकवण मी शास्त्र न उघडताच मान्य केली आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या घरात आम्ही पुष्कळदा कोठी सजवली आणि धान्य विसरलो. आम्हाला क्षमा कर. तुझं वचन आवडीने वाचायला, कष्टाने शिकायला आणि साध्या शब्दांत सांगायला शिकव. आमच्यातलं कोणीही उपाशी घरी जाऊ नये. तुझ्याच नावात मागतो, आमेन.