लेझर यंत्राची मोटर बदलल्यावर

यंत्राचा एक अवयव बदलला म्हणजे तेवढाच बदलला, अशी आमची समजूत होती. ती कशी फिटली, हें विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल म्हणून येथें लिहितों.

आमच्या कार्यशाळेंतील लेझर कर्तनयंत्रावर एका अंध विद्यार्थ्यासाठीं महाराष्ट्राचा लाकडी नकाशा कापावयाचा होता. नद्या व सीमा तो बोटांनीं वाचणार. रेषा चुकली तर त्याचा भूगोलच चुकणार. अशा ऐन वेळीं आडवी तुळई मागेंपुढें नेणारी मोटर निकामी झाली. नवी मोटर आम्हीं बसविली. परंतु यंत्र चालूं करतांच तुळई उलट दिशेनें जाऊन चौकटीवर आदळली.

असें कां व्हावें? या यंत्रांतील स्टेपर मोटर ठराविक पावलांनीं फिरते. पण आपण कोठें आहों, याची तिला आठवण नसते. म्हणून प्रारंभीं यंत्राचें डोकें एका कोपऱ्याकडे जातें, आणि तेथील लिमिट स्विच दाबला गेला कीं त्या जागेस शून्य मानून पुढील अंतरें मोजलीं जातात. यासच होमिंग म्हणतात. दिशाच उलटी असेल तर तो स्विच कधींच भेटत नाहीं.

उपाय सोपा आहे. वीज पूर्ण बंद करून मोटरीच्या दोन वेटोळ्यांपैकीं एकाच वेटोळ्याच्या दोन तारांची अदलाबदल करावी. मात्र दोन्ही वेटोळ्यांच्या तारा एकमेकींत मिसळल्या तर मोटर न फिरतां नुसती थरथरते. एका वेटोळ्याच्या जोडींत मल्टिमीटर थोडा रोध दाखवितो. परक्या तारांत जोडच दाखवीत नाहीं.

दिशा सुधारली. मग आम्हीं १०० मिलिमीटरचा चौरस काढला, तों त्याची रुंदी १०० व उंची ५०! जुनी मोटर एका पावलांत १.८ अंश फिरे, म्हणजे एका फेऱ्यास २०० पावलें, नवी ०.९ अंश फिरते, म्हणजे ४०० पावलें. कप्पीस २० दाते, व पट्ट्याच्या दोन दात्यांत २ मिलिमीटर अंतर. म्हणून एका फेऱ्यांत तुळई ४० मिलिमीटर सरकते. प्रत्येक पावलाचे १६ भाग धरल्यास पूर्वीं दर मिलिमीटरास ३२०० ÷ ४० = ८० स्पंद लागत; आतां १६० लागतात. नियंत्रकांतील हा आंकडा बदलतांच चौरस खरा झाला.

पुढें ३०० व ४०० मिलिमीटर बाजूंचा आयत काढला. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणें दोन्ही कर्ण ५०० भरले पाहिजेत. पण एक मोठा, एक लहान आला. मोटर काढतांना एका बाजूचा पट्टा कप्पीवर एक दाता सरकला होता, त्यामुळें तुळई गुण्यांत नव्हती. पट्टा पुन्हां नीट बसवून कर्ण सारखे केले.

आमची मोठी चूक निराळीच होती. किरण भिंगाच्या मध्यावर पडत नाहीं असें पाहून, तुळई तपासण्यापूर्वींच, आम्हीं आरशांचे स्क्रू फिरविले होते. दुसरा आरसा तुळईवरच असतो. ती तिरकी तर किरणही तिरका. तुळई सरळ झाली तेव्हां फिरविलेले आरसे चुकीचे ठरले, आणि एक दिवस वायां गेला. खरी रीत अशी: दुसऱ्या आरशापुढें कागदी चिकटपट्टी लावून, तुळई जवळ असतां एक व दूर नेऊन एक, असे अल्प शक्तीचे क्षणिक ठसे घ्यावे. दोन्ही एकाच जागीं पडेपर्यंत पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवावे. नंतर याच रीतीनें दुसरा, व शेवटीं तिसरा आरसा जुळवावा.

हें काम शिक्षकांवांचून कोणीं करूं नये. कार्बन डायॉक्साइड लेझरचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं, पण डोळे नासवितो. आणि त्याच्या नळीस हजारों व्होल्टांचा दाब असतो. त्या तरंगलांबीसाठीं बनविलेला चष्मा घालावा व यंत्राचें झांकण बंद ठेवावें.

नकाशा कापून झाला. त्या विद्यार्थ्यानें गोदावरीवर बोट ठेवून त्र्यंबकेश्वर, पैठण, नांदेड अशीं गांवें क्रमानें सांगितलीं, तेव्हां आमचे श्रम सार्थकीं लागले. आधीं दिशा, मग माप, मग गुण्या आणि सर्वांशेवटीं किरण, हा क्रम आम्हीं आतां कार्यशाळेच्या भिंतीवर लिहून ठेविला आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती तपासूनच पुढें जावें. घाईनें केलेली दुरुस्ती हाच पुष्कळदां दुसरा बिघाड होय.