स्तब्ध हृत्स्नायू : थांबलेला, पण संपलेला नव्हे

लिंबायत भागात राहणारे, मूळचे खानदेशातील एक लूम-कारागीर छातीत कळ आल्यावर तासाभरातच रुग्णालयात पोहोचले. बंद धमनी अँजिओप्लास्टीने मोकळी झाली. परंतु दुसऱ्या दिवशीच्या इकोमध्ये हृदयाची पुढची भिंत जेमतेम हलताना दिसली. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, रक्त सुरू झालं, मग हृदय का चालत नाही?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजबांधवांनाही ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हृदय विश्रांतीच्या वेळीही त्याला मिळणाऱ्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेते. शिल्लक थोडीच, म्हणून रक्तप्रवाह थांबताच काही सेकंदांत आकुंचन ढासळते. कुत्र्यांवरील प्रयोगांत साधारण २० मिनिटांनंतर पेशी मरू लागतात. मात्र १९७५ साली हेंड्रिक्स, व्हॅटनर व सहकाऱ्यांनी दाखविले की, केवळ १५ मिनिटांच्या अडथळ्यानंतरही स्नायूचे कार्य पूर्ववत होण्यास कित्येक तास लागतात. १९८२ साली ब्राउनवाल्ड व क्लोनर यांनी या अवस्थेला 'स्टन्ड मायोकार्डियम', अर्थात स्तब्ध हृत्स्नायू, हे नाव रूढ केले. हृदयविकाराच्या झटक्यात काही भाग मरतो. वेळेवर वाचलेला भाग असा स्तब्ध राहतो.

नवल असे की, काम घटले तरी या स्नायूचा प्राणवायूचा वापर त्या प्रमाणात घटत नाही. प्रवाह परतताना पेशीत कॅल्शियम साचते, मुक्त मूलके निर्माण होतात आणि आकुंचन करणारी प्रथिने कॅल्शियमला नीट प्रतिसाद देत नाहीत. आपल्या सुरतेच्या भाषेत सांगायचे तर, मोटर वीज ओढते आहे, पण कापड निघत नाही. डोब्युटामिनच्या अल्प मात्रेने हाच स्नायू हलू लागतो. तो जिवंत असल्याची ही खूण होय.

डिसेंबर २०१५ मध्ये सुरतेहून एक दान केलेले हृदय विमानाने मुंबईस नेऊन प्रत्यारोपित करण्यात आले. असे हृदय थंड ठेवून साधारण ४ तासांच्या आत नव्या देहात बसवावे लागते. रक्त मिळाल्यावरही ते काही काळ दुर्बल राहू शकते व त्याला औषधांचा आधार लागतो. तत्त्व तेच.

माझ्या व्यवसायबंधूंना नम्र विनंती, की पहिल्या इकोवरून अंतिम निकाल देऊ नये. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. आणि वाचकहो, स्तब्ध स्नायू सावरतो, मृत स्नायू नाही. छातीतील कळ 'गॅस' समजून घरी वेळ दवडू नका; १०८ ला फोन करा.

सहा आठवड्यांनी त्या कारागिरांचा इको पुन्हा केला. भिंत बरीच हलत होती. त्यांच्या पत्नीने पडद्याकडे पाहिले, आणि या वेळी काहीच विचारले नाही.